उत्खननातल्या हाडाची कार्बन तारीख: खड्ड्यापासून अहवालापर्यंत

संशोधनासाठी मी पहिल्यांदा चार हाडं कार्बन तारीख काढायला पाठवली, तेव्हा पाच महिन्यांनी उत्तर आलं. तिघांपुढे एकच शेरा होता: ‘कोलॅजन अपुरं, मापन केलं नाही.’ (कोलॅजन म्हणजे हाडातलं प्रथिन; तारीख त्याचीच काढतात.) चौथ्याची तारीख मात्र आली, आणि ती मडक्यांवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा दीडेक हजार वर्षं जुनी निघाली. मी आठवडाभर हवेत होतो. ते विमान कसं खाली आलं ते आठव्या पायरीत सांगतो.

पुरातत्त्वात नव्याने आलेल्या, पहिल्यांदाच हाडाचा नमुना पाठवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहितोय. भौतिकशास्त्र थोडक्यात एवढंच: जिवंत प्राण्याच्या शरीरात अन्नातून कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन येत राहतो. मेल्यावर येणं थांबतं आणि असलेला ५७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेला मोजायचा आणि मागे जायचं. साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंत हे जमतं. यंत्र आपलं काम चोख करतं, पण ते सांगतं समोर आलेल्या कार्बनचं वय. तो कार्बन त्या माणसाचा होता, मातीचा होता की डिंकाचा, हे पाहणं आपल्याकडे.

१. आधी प्रश्न कागदावर लिहा

‘या जागेची तारीख हवी आहे’ हा प्रश्न नव्हे. कशाची तारीख? वस्तीची, थराची, की त्या पुरलेल्या माणसाची?

शिरूर तालुक्यातल्या इनामगावचं उदाहरण घ्या. घोड नदीकाठच्या या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथे लहान मुलांना दोन मडक्यांत, मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवून, घराच्या जमिनीखाली पुरलेलं सापडलं. हा खड्डा वरच्या जमिनीतून खाली खणलेला असतो. म्हणजे मडकी ज्या थरात बसलेली दिसतात तो थर त्या मुलाच्या आधीचा. त्या थरातला कोळसा उचलून तारीख काढली, तर ती थराची आली, मुलाची नाही.

कोळशाची आणखी एक खोड आहे. तो झाड वाढलं तेव्हाची तारीख सांगतो, चूल पेटली तेव्हाची नव्हे. घराची जुनी तुळई दोन पिढ्यांनी सरपणात गेली असेल, तर तारीख तेवढी मागे सरकते. हाडाचं तसं होत नाही. प्रौढ माणसाच्या मांडीच्या हाडातलं कोलॅजन मरणाआधीच्या काही वर्षांत, फार तर दोन-तीन दशकांत साठलेलं असतं. म्हणून ‘हा माणूस कधी मेला’ असा प्रश्न असेल तर हाडच घ्या. प्रश्न चुलीचा असेल तर हाडाच्या मागे लागू नका. जळके धान्याचे दाणे मिळाले तर सोन्याहून पिवळं, कारण दाणा एकाच हंगामाचा असतो.

२. परवानग्या आणि कागद

हे कंटाळवाणं आहे, पण इथेच सर्वांत जास्त वेळ जातो. हाड तोडायचं, म्हणजे नमुना कायमचा नष्ट करायचा. त्यासाठी ते हाड ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी लागते: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय किंवा विद्यापीठाचा विभाग. नमुना देशाबाहेर पाठवायचा असेल तर सर्वेक्षणाच्या परवानगीशिवाय तो विचारही करू नका. ‘एक ग्रॅमच तर आहे’ म्हणून खिशातून नेणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका.

फाइलमध्ये एवढं हवं:

- उत्खननाच्या परवान्याची प्रत
- नमुना घेण्याची आणि नष्ट करण्याची लेखी परवानगी
- दफनाचा आराखडा, छेदाचं रेखाटन, फोटो
- हाडाची नोंद: खड्डा क्रमांक, थर, खोली, दफन क्रमांक, उचलल्याची तारीख
- हाडावर आजवर काय काय लावलं, त्याची माहिती
- मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र आणि खर्च कुठून होणार त्याचा कागद

पाचव्या ओळीत ‘माहीत नाही’ लिहायला लाजू नका. मी तिथे ‘काही नाही’ लिहिलं होतं.

३. कोणतं हाड घ्यायचं

जाड भिंतीचं, घट्ट हाड. मांडीच्या हाडाचा मधला भाग उत्तम, नडगी त्याखालोखाल. बरगड्या, मणके आणि हाडांची टोकं जाळीदार असतात; त्यांत माती शिरते आणि कोलॅजन लवकर जातं. दातांच्या आतलं दंतिन चालतं, पण दात समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या) आणि डीएनएच्या लोकांनाही हवे असतात. कानाच्या आतल्या भागाभोवतीच्या घट्ट हाडाला तर हातच लावू नका, ते डीएनएसाठी राखीव. राखीगढीच्या अभ्यासात एकसष्ट नमुने तपासल्यावर एकाच स्त्रीच्या सांगाड्यातून वापरण्याजोगा डीएनए मिळाला होता, एवढी आपली हवा नि माती कठोर आहे. एकाच सांगाड्यावर तिघे काम करणार असतील तर आधी एकत्र बसून वाटणी ठरवा.

कापण्याआधी मानवशास्त्रज्ञाला हाड दाखवा. रोगाची खूण, जुनी मोडलेली जागा, स्नायू जोडला जातो ती कड, यांवर करवत चालवायची नाही. सगळ्या बाजूंनी, पट्टी ठेवून फोटो काढा.

प्राण्याचं हाड घेणार असाल तर सांध्यात जोडलेली हाडं शोधा. गुडघा जागच्या जागी असेल तर तो पाय मांस असतानाच तिथे पडलाय, नंतर वाहून आलेला नाही. सुटं हाड उंदीर-घुशीच्या बिळातूनही खाली जातं. काळ्या मातीच्या भेगा तर आपण उन्हाळ्यात पाहतोच. त्यांत हात कोपरापर्यंत जातो, मग हाडाचा तुकडा का जाणार नाही?

४. उचलणं आणि बांधणं

साहित्य फार नाही: नायट्राइलचे हातमोजे, बांबूच्या काड्या, मऊ ब्रश, ॲल्युमिनिअम फॉइल, दोन आकारांच्या झिप पिशव्या, पेन्सिल.

हाड फॉइलमध्ये गुंडाळायचं, फॉइल पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि कागदी चिठ्ठी या दोन पिशव्यांच्या मधे. चिठ्ठी हाडाला टेकता कामा नये. कापूस नको, वर्तमानपत्र नको. कापूस म्हणजे गेल्या वर्षीचा कार्बन.

हाड ठिसूळ असेल तर कुणीतरी हमखास म्हणतं, ‘थोडं फेव्हिकॉल पातळ करून मारू या.’ नमुन्याचा तुकडा आधी बाजूला काढा, मग उरलेल्याला काय ते मारा. आणि विडी ओढणाऱ्यांना खड्ड्याच्या काठावरून हलवा. काम सुरू करताना नारळ फोडतात, उदबत्ती लावतात. ते जरूर करा, पण खड्ड्यापासून चार पावलं दूर.

आपल्याकडचा खास सापळा म्हणजे पावसाळा. उत्खनन हिवाळ्या-उन्हाळ्यात होतं, हाडं ओलसरच पिशवीत बंद होतात आणि जुलैत कोठीत पिशवी उघडली की आतून हिरवट बुरशी. बुरशीलाही कार्बन असतो, आणि ती खाते ते नेमकं आपल्याला हवं असलेलं कोलॅजनच. बांधण्याआधी हाड सावलीत पूर्ण वाळवा. उन्हात नाही, तडकतं.

५. पाठवण्याआधी कोलॅजन आहे का ते बघा

ही पायरी मला कुणी सांगितली असती तर पाच महिने आणि तीन नमुन्यांचे पैसे वाचले असते.

कोलॅजन म्हणजे काय हे कळायला पायाचं सूप आठवा. रात्रभर उकळलेला रस्सा फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी थुलथुलीत जमलेला असतो. ते हाडातलं आणि सांध्यातलं कोलॅजन, उकळून जिलेटिन झालेलं. ताज्या हाडाच्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्त भाग कोलॅजन असतो. उरलेलं बहुतांश खनिज. तारीख काढायची ती या कोलॅजनची, कारण खनिज भाग जमिनीतल्या पाण्याशी कार्बनची देवघेव करत राहतो. गरम हवा, आलटून पालटून ओली-कोरडी होणारी माती आणि काळ, या तिघांनी कोलॅजन झिजतं. सैबेरियातलं तीस हजार वर्षांचं हाड दख्खनच्या तीन हजार वर्षांच्या हाडापेक्षा ठणठणीत निघू शकतं.

तपासणी दोन प्रकारे होते. पहिली, हाडाच्या पाच-दहा मिलिग्रॅम भुकटीतलं नायट्रोजनचं प्रमाण मोजणं. खनिजात नायट्रोजन जवळपास नसतो, म्हणून जो सापडेल तो कोलॅजनचा धरायचा. ताज्या हाडात तो वजनाच्या ४ टक्क्यांच्या वर असतो. तो ०.७६ टक्क्यांच्या वर असेल तर तारखेपुरतं कोलॅजन मिळण्याची बरी शक्यता, असा ठोकताळा बऱ्याच ठिकाणी वापरतात. घटक-विश्लेषक यंत्र रसायनशास्त्र विभागात बहुधा असतं. ओळख काढून जा. भुकटी करताना ड्रिल हळू फिरवा. जळक्या केसांचा वास आला तर कोलॅजन भाजतंय. (वास आला याचा अर्थ ते आहे, एवढाच त्यातला आनंद.)

दुसरी तपासणी डोळ्यांनी. हाडाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. अर्थात प्रयोगशाळेत, चष्मा-हातमोजे घालून. चांगलं हाड असेल तर खनिज विरघळून मूळ आकाराचा, पिवळसर, अर्धपारदर्शक, चिमट्याने दाबला तर दबणारा तुकडा उरतो. शाळेत कोंबडीचं हाड व्हिनेगरमध्ये ठेवून वाकवलं असेल, तेच हे. माझ्या त्या तीन हाडांचे उरलेले तुकडे मी नंतर असे टाकून पाहिले. बुडबुडे आले, पाणी गढूळ झालं, आणि अर्ध्या तासात तळाशी चिमूटभर तपकिरी गाळ राहिला. बाहेरून मात्र तिन्ही हाडं पांढरीशुभ्र, टणक, देखणी होती. दिसण्यावर जाऊ नका.

पूर्ण जळालेलं, खडूसारखं पांढरं हाड असेल तर नियम उलटतो. त्यात कोलॅजन उरलेलंच नसतं, पण सहाशे-सातशे अंशांच्या वर भाजल्यामुळे खनिजाचे स्फटिक घट्ट झालेले असतात आणि त्यातल्या कार्बोनेटची तारीख काढता येते. फक्त जळताना चितेच्या लाकडाचा कार्बनही त्यात शिरतो, हे निष्कर्षात लिहा. अर्धवट जळालेलं काळं हाड दोन्हीकडून गेलेलं, ते टाळा.

६. प्रयोगशाळा

भारतात हे काम जुनं आहे. साठच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्बन तारखा निघू लागल्या, पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत आणि लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत. जुन्या पद्धतीत शंभर-दोनशे ग्रॅम हाड लागायचं. आता एएमएस, म्हणजे त्वरक यंत्राने कार्बन-१४ चे अणूच मोजण्याच्या पद्धतीत, अर्धा ते एक ग्रॅम पुरतं. आपल्याकडच्या हाडांसाठी मी दोन-तीन ग्रॅम बाजूला ठेवायला सांगेन. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये ही सोय आहे. ते ‘आययूएसी’, पुण्याची ‘आयुका’ ती वेगळी, तिथे तारे बघतात. मी एकदा चुकीच्या ठिकाणी फोन केलाय.

पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा: हाडावर काम करता का (काही ठिकाणी फक्त कोळसा आणि गाळ घेतात), अल्ट्राफिल्टर (लहान तुटके रेणू वेगळे काढणारी गाळणी) वापरता का, आणि कोलॅजन निघालं नाही तर किती शुल्क लागेल.

७. आत काय होतं

वरचा थर खरवडून काढतात. मग सौम्य आम्लाने खनिज विरघळवतात, अल्कलीने मातीतली ह्युमिक द्रव्यं धुतात, पुन्हा आम्ल. राहिलेलं ३ पीएचच्या पाण्यात सत्तर-पंचाहत्तर अंशांवर रात्रभर ठेवलं की कोलॅजनचं जिलेटिन होतं. ते गाळून, अल्ट्राफिल्टर असेल तर लहान तुटके रेणू बाजूला काढून, गोठवून वाळवतात. चांगल्या हाडाचं कोलॅजन शेवटी जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखं पांढरं, हलकं दिसतं. ते जाळून कार्बन डायऑक्साइड, त्याचं ग्रॅफाइट, आणि ते जेमतेम एक मिलिग्रॅम ग्रॅफाइट यंत्रात. त्या बाटलीतला पांढरा पुंजका बघायला मिळाला तर जरूर बघा.

८. अहवाल वाचणं: तारीख सर्वांत शेवटी

अहवाल आला की डोळे थेट वर्षांकडे जातात. हाताने तो रकाना झाका आणि आधी हे बघा.

*कोलॅजनचं प्रमाण.* हाडाच्या वजनाच्या १ टक्क्याच्या खाली असेल तर सावध व्हा.

*कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर.* अणूंच्या हिशोबात २.९ ते ३.६ या मर्यादेत हवं. कोलॅजनचं हे अंगभूत माप आहे. वर गेलं तर बाहेरचा कार्बन आलेला.

माझ्या चौथ्या हाडापुढे ४.२ छापलेलं होतं. मी तो रकाना वाचलाच नव्हता. चर्चासत्रासाठी गोषवारासुद्धा लिहून झाला होता. एका ज्येष्ठ बाईंनी अहवाल हातात घेतला, बोट त्या आकड्यावर ठेवलं आणि विचारलं, ‘हे हाड चिकटवलंय का रे कुणी?’ कोठीत जाऊन राहिलेला तुकडा दिव्याखाली धरला, तर भेगांमध्ये चकचकीत पातळ पापुद्रा. कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी हाड वाचवायला कृत्रिम राळ पाजली होती. अशी राळ खनिज तेलापासून बनते आणि त्यात कार्बन-१४ शून्य असतो. असा मृत कार्बन एक टक्का मिसळला की तारीख सुमारे ८० वर्षं मागे जाते. माझ्या दीड हजार वर्षांसाठी किती राळ लागली असेल, तो हिशोब तुम्हीच करा.

ताज्या कार्बनची भेसळ उलट वागते. तीन हजार वर्षांच्या हाडात एक टक्का ताजा कार्बन आला तर तारीख तीस-चाळीस वर्षं अलीकडे येते, तीस हजार वर्षांच्या हाडात तोच एक टक्का पावणेतीन हजार वर्षं खातो.

*कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५.* यावरून खाणं कळतं, आणि खाण्याचा तारखेशी संबंध आहे. समुद्रातला कार्बन आधीच ‘शिळा’ असतो, त्यामुळे मासे खाणाऱ्याचं हाड काही शतकं जास्त जुनं दिसू शकतं. पण परदेशी पाठ्यपुस्तक वाचून कार्बन-१३ चा आकडा वर दिसला की ‘समुद्री आहार’ लिहून मोकळे होऊ नका. ज्वारी, बाजरी, नाचणी ही पिकंही हा आकडा तसाच वर नेतात. भाकरी खाणारा दख्खनचा माणूस कागदावर कोळी दिसतो! नायट्रोजन-१५ बघा, सागरी मासे भरपूर खाणाऱ्यात तोही चढा असतो. भाकरीवाल्याची तारीख दुरुस्त करायची गरज नाही, कारण ज्वारीने घेतलेला कार्बन त्याच वर्षीच्या हवेतला असतो आणि समस्थानिकांच्या निवडीचा फरक प्रयोगशाळा आधीच वजा करते.

९. कॅलिब्रेशन

अहवालातलं ‘२९०० ± ३० बीपी’ (‘बिफोर प्रेझेंट’, आजच्या आधी) म्हणजे कॅलेंडरची वर्षं नव्हेत. बीपीतलं ‘आज’ १९५० ला गोठवलेलं आहे, आणि हवेतला कार्बन-१४ दर शतकात सारखा नव्हता. म्हणून झाडांच्या वर्षवलयांवरून बांधलेल्या वक्रातून तो आकडा न्यावा लागतो. सध्या इंटकॅल२० हा वक्र चालतो आणि ऑक्सकॅल ही प्रणाली मोफत मिळते. १९५० वजा करून तारीख काढणं ही चूक छापील लेखांतही दिसते. तसं केलं तर २९०० चे इ.स.पू. ९५० होतात, वक्रातून नेलं तर साधारण इ.स.पू. १२०० ते १०००. उत्तर जोर्वे आणि पूर्व जोर्वे या महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगातल्या दोन टप्प्यांच्या सीमेवर काम करणाऱ्याला हा फरक जिव्हारी लागतो.

विदर्भातल्या शिळावर्तुळांवर, माहुरझरी-नायकुंडसारख्या जागांच्या काळावर काम करणार असाल तर आधीच मन घट्ट करा. इ.स.पू. ८०० ते ४०० या पट्ट्यात वक्र जवळजवळ सपाट आहे. २४५० ± ३० आलं की उत्तर मिळतं साधारण इ.स.पू. ७५० ते ४१०. यंत्र कितीही महाग आणा, एका तारखेने हे सुटत नाही. उपाय एकच: एकमेकांवर असलेल्या दफनांमधून अनेक तारखा घ्या आणि ‘हे आधी, ते नंतर’ हा क्रम ऑक्सकॅलला सांगा. तो क्रम खड्ड्यात नीट नोंदवलेला असेल तरच सांगता येतो. दुसऱ्या पायरीतलं छेदाचं रेखाटन इथे कामाला येतं.

१०. जुन्या तारखांशी ताडताना

महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगाच्या जुन्या पुस्तकांत ‘टीएफ’ किंवा ‘पीआरएल’ अशी अक्षरं लावलेल्या तारखा भेटतील. ही त्या-त्या प्रयोगशाळेची खूण. त्यांत कधी ५५६८ वर्षांचं अर्धायुष्य (कार्बन-१४ निम्मा होण्याचा काळ) धरलेलं असतं, कधी ५७३०, कधी एक कंसात. जगभर संकेत म्हणून आजही जुनं ५५६८ च धरतात आणि वक्रही त्यावरच चालतो. ५७३० वाली तारीख तशीच ऑक्सकॅलमध्ये घातलीत तर ती तीन टक्के जुनी जाते. आधी १.०२९ ने भागा. कोणतं अर्धायुष्य धरलंय ते कळत नसेल तर ती तारीख तक्त्यात वेगळ्या रंगाने ठेवा, सरासरीत घेऊ नका.

स्वतःचा लेख लिहिताना तारखेबरोबर प्रयोगशाळेचा क्रमांक, कोलॅजनचं प्रमाण, गुणोत्तर, दोन्ही समस्थानिकांचे आकडे, वक्राचं नाव, सगळं छापा. न निघालेल्या नमुन्यांचीही यादी द्या. पुढच्याला त्या जागेची माती कशी आहे ते कळतं. आणि प्रयोगशाळेतून उरलेलं हाड आणि कोलॅजन परत मागवा. मागितलं नाही तर ठरावीक मुदतीनंतर ते फेकून देतात, आणि दुसऱ्यांदा करवत चालवायची परवानगी पहिल्यापेक्षा अवघड मिळते.